सातवी सही

सहाशे वीस अश्वशक्तीचं इंजिन, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, हाताने शिवलेलं चामडं, असा सगळा थाट असलेली चार दारांची गाडी साडेचार वर्षं घडत होती, आणि त्या साडेचार वर्षांत, जवळजवळ शेवटपर्यंत, तिच्या मागच्या सीटवर एकही जिवंत माणूस बसला नव्हता. मागे बसायची ती पाण्याची माणसं. जाड प्लॅस्टिकची, हातपाय नसलेली, पोटात पाणी भरलेली दोन धडं, प्रत्येकी पंचाहत्तर किलो. चाचणीला निघताना त्यांना सीटबेल्ट लावायचा, परत आल्यावर सोडायचा. वर्कशॉपमधल्या मंडळींनी त्यांचं बारसंही केलं होतं, एक ट्रेव्हर आणि दुसरी मॉरीन. नाताळात मॉरीनच्या मानेच्या बुंध्यावर कागदाची टोपी चढायची. शशिधर मोघ्यांना या दोघांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुठल्या हाडामांसाच्या माणसाचा आला नसेल, आणि मोघ्यांना राग काही कमी वेळा येत नसे.

मोघ्यांचं काम गाडीतले नको ते आवाज शोधण्याचं. इंजिन गुरगुरलं पाहिजे, त्यासाठी तर गिऱ्हाईक एवढे पैसे टाकतं. पण दाराची पट्टी करकरली, आरसा थरथरला, हातमोज्यांच्या कप्प्याचं झाकण बोललं, की ते मोघ्यांकडे यायचं. सव्वीस वर्षं ते हेच करत होते. मूळचे पिंपरीच्या एका टेम्पोच्या कारखान्यातले. बायको उल्का भूलतज्ज्ञ, तिला लंडनच्या बाजूला हॉस्पिटलात नोकरी लागली आणि हे तिच्यामागे आले. पिनरमध्ये घर केलं. पहिली दोन वर्षं घरी बसून पोळ्या लाटल्या, नंतर या गाड्यांच्या कंपनीत साधे तंत्रज्ञ म्हणून चिकटले. मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख आजही ‘उल्काताईंचे मिस्टर’ अशीच करून दिली जाते. त्याचं त्यांना काही वाटत नाही, असं ते दर वर्षी सांगतात.

कंपनीत गाडी पूर्ण झाली म्हणायची तर तिच्या शेवटच्या कागदावर सात सह्या लागतात. इंजिन, ब्रेक, सुरक्षा, असं करत करत सातवी सही आवाजाची. याआधीच्या पाच गाड्यांना कान मोघ्यांचे होते आणि सह्या साहेबांच्या. या गाडीच्या वेळी, ‘हेरॉन’ हे तिचं कंपनीतलं नाव, ती सही पहिल्यांदा मोघ्यांच्या वाट्याला आली होती. सह्यांचा दिवस ठरला होता एकोणीस जून, गुरुवार. मोघे निवृत्त होणार होते तीस जूनला. म्हणजे ही पहिली सही आणि हीच शेवटची. बासष्ट वर्षांच्या माणसाने सहीची एवढी वाट बघावी हे जरा पोरकटच, पण ते बघत होते.

आणि तेवढ्यात फेब्रुवारीत ट्रेव्हर आणि मॉरीनच्या पोटातलं पाणी हिरवं पडलं.

शेवाळ धरलं होतं. वास मारायला लागला तेव्हा दोघांना धुवायला बाहेर काढलं. त्या दिवशी बेडफर्डशरच्या ट्रॅकवरून गाडी नुसती वर्कशॉपपर्यंत परत आणायची होती. चालवायला अक्षया होती, त्यांच्याच गटातली मोजमापं करणारी इंजिनियर, चौतीस वर्षांची, लेस्टरमध्ये जन्मलेली. पुढच्या डाव्या सीटवर मोजमापाचं यंत्र बांधलेलं, म्हणून मोघे मागे बसले. डावीकडे, एकटेच. निघताना ट्रॅकमधल्या खडबडीत काँक्रीटच्या पट्ट्यावर गाडी ताशी पंचावन्न मैलांना आली आणि त्यांच्या उजव्या कानाशी कोणीतरी दात खाल्ले.

किरकिर. बारीक, चिवट, थांबून थांबून. मोघ्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर तळहात दाबला. बंद. हात काढला. सुरू.

“अक्षया, ऐकलंस?”

“हो काका. मला पण ऐकू आला ती आवाज.” चारचौघांत ती त्यांना शशी म्हणायची, दोघंच असले की काका. तिच्या मराठीतली लिंगं तेवढी आपापल्या मर्जीने वागायची.

दुसऱ्या दिवशी धुतलेले ट्रेव्हर आणि मॉरीन आपापल्या जागी विराजमान झाले, गाडी त्याच पट्ट्यावर गेली, आणि आवाज नाही. येईल कसा? पंचाहत्तर किलोचा ऐवज पाठीला रेलून बसलाय, पाठ हलेल कशाला? मोघ्यांना दोन मिनिटांत उमगलं की आवाज रिकाम्या सीटचा आहे, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे सीट कधीच रिकामी नसते. एवढी साधी गोष्ट. सांगितली की झालं, असं त्यांना वाटलं. सव्वीस वर्षं इंग्रजांत काढून माणूस इतका भोळा राहू शकतो.

हेरॉनचा मुख्य होता नायजेल. उंच, सभ्य, कधी आवाज न चढवणारा, तरुणपणी शर्यतीच्या गाड्या चालवलेला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लीव्ह इट विथ मी, शशी.” मोघ्यांचं अवसान तिथेच गळालं. या देशात ‘माझ्याकडे सोड’ म्हणजे ती गोष्ट कायमची त्याच्याकडे राहणार, तुमच्याकडे परत काही येणार नाही.

मोघ्यांनी रीतसर तक्रार नोंदवली. आठवड्याने ती बंद झाली: आवाज आढळला नाही. त्यांनी ती पुन्हा उघडली. पुन्हा बंद झाली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा चाचणी विभागाकडून उत्तर आलं की मागच्या दोन्ही सीटांवर ठरलेलं वजन नसेल तर चाचणी नियमात बसत नाही, आणि नियमात न बसणाऱ्या चाचणीत सापडलेला दोष हा दोष धरता येत नाही. मोघ्यांनी ते उत्तर छापून घेतलं आणि घरी फ्रिजवर लावलं, म्हणजे रोज सकाळी चहा घेताना संताप ताजा करता यावा.

“पण विकत घेणारा माणूस मागे एकटा बसेल ना!” त्यांनी नायजेलला गाठून विचारलं. “त्याच्या शेजारी कोण बसणार आहे? मॉरीन?”

“ही चालवणाऱ्याची गाडी आहे, शशी,” नायजेल हसून म्हणाला. “आपलं गिऱ्हाईक पुढे बसतं.”

“मग मागे दोन दारं कशाला ठेवलीत?”

यावर नायजेल म्हणाला की हा फारच रास्त मुद्दा आहे. झालं. म्हणजे तोही मुद्दा गेला.

मार्च गेला, एप्रिल गेला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून मोघ्यांचे हात दुखायला आले. बाकीची सगळी गाडी दर आठवड्याला सुधारत होती. ब्रेक तापत होते ते थंड झाले, चौथ्या गिअरला बसणारा हिसका गेला, एक्झॉस्टचा आवाज तर असा जमला की सुरू करताच वर्कशॉपमधली माणसं हातातलं काम सोडून हसायची. एवढ्या गुणी गाडीच्या कानाशी ही एक किरकिर राहावी, याचा मोघ्यांना मनापासून त्रास व्हायचा. रात्रंदिवस तेच. घरी उल्काला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की तिला पट्ट्याची लांबी पाठ झाली.

“आमच्याकडे पेशंट म्हणाला दुखतंय आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर आम्ही पेशंटला खोटं पाडत नाही,” ती म्हणाली. “आणि शशी, पोळी थंड होतेय.”

“हेच! हेच मी त्यांना सांगतोय!”

“मग नायजेलला बसव की मागे. हवं तर थोडी भूल देते मी त्याला.”

ती चेष्टेने बोलली, पण मोघ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नायजेलला लिहून कळवलं: तू रिकाम्या सीटशेजारी अर्धा तास बसल्याशिवाय मी सही करणार नाही. सहा सह्यांवर गाडी सुटत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. एकोणीस तारखेनंतर सीटचे साचे पक्के होणार होते. त्यानंतर बदल म्हणजे तीन वर्षं थांबा. नायजेलच्या उत्तरात पहिल्यांदाच त्याचा नेहमीचा, टाळाटाळीचा ‘इंटरेस्टिंग’ हा शब्द नव्हता. फक्त वेळ होती: बुधवार, दुपारी दोन.

बुधवारी एक गंमतच झाली. साडेचार वर्षं ज्याने ही गाडी घडवली, स्वीडनच्या बर्फात आणि स्पेनच्या उन्हात हजारो मैल स्वतः हाकली, त्या माणसाला मागचं दार उघडायची कळ सापडेना. मग गुडघे कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी तो डाव्या बाजूला अवघडून बसला, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. पुढचं यंत्र काढून ठेवलं होतं, तिथे मोघे बसले. अक्षयाने गाडी पट्ट्यावर घातली. चाळीस. पन्नास. पंचावन्न.

मोघ्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना आवाज पुढेही ऐकू येत होता. 

“हे कधीपासून आहे?” नायजेलने विचारलं.

“फेब्रुवारीपासून सांगतोय मी!” मोघे एवढ्या जोरात ओरडले की अक्षयाचा पाय ब्रेकवर गेला.

नायजेल खाली उतरला, पँटची घडी नीट केली आणि म्हणाला, “उद्या सकाळी दहापर्यंत मला कारण शोधून दे. मी सह्या रोखून धरतो.” बस. चार महिन्यांच्या डोकेफोडीला एवढंच उत्तर. पण मोघ्यांना ते पुरलं. जिंकलो, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी अक्षयाला चार वेळा बोलूनही दाखवलं.

वर्कशॉपमध्ये दोघांनी सीटची पाठ उतरवली. पाठ जिथे खटक्यात अडकते तिथे मागे रबराची एक गुंडी असते. पाठ तिच्यावर दाबून बसली की हलत नाही. मोघ्यांनी गुंडी मोजली. सात मिलिमीटर. खटका लागल्यावरही गुंडी आणि पाठ यांच्यामध्ये कागद सरकत होता.

“सात? सात कशी असेल? सुरुवातीला नऊ होती, मला चांगलं आठवतंय. कुणी कमी केली?” आता खरा रंग चढला. “कुठल्या गाढवाने केलं हे? रेलायला माणूस नसेल तर पाठ नाचणार, हे शाळकरी पोराला कळेल! आणि यावर कुणी सही केली? बघ जरा, अक्षया. नाव बघ. उद्या सगळ्यांसमोर वाचून दाखवतो.”

अक्षया संगणकावर जुने बदल उघडत होती. तिला नोंद सापडली. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

“काय झालं? वाच ना मोठ्याने.”

“काका, तुम्हीच बघा.”

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. बदल: गुंडी नऊवरून सात मिलिमीटर. कारण: सीटची पाठ लावताना खटक्याचा आवाज कर्कश येतो, मऊ हवा. मागणी करणारा: एस. मोघे. तपासणारा: एस. मोघे. खाली एक ओळ: दोन्ही मागच्या सीटांवर ठरलेलं वजन ठेवून गाडी चालवली, कोणताही नको असलेला आवाज नाही.

मोघ्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मग त्यांना तो दिवस आठवला. पाऊस होता, घाई होती, त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रेव्हरचा पट्टा लावला होता. मॉरीनचाही. मागे वळून बघायचंही त्यांना सुचलं नव्हतं, कारण बघायचं काय, नियमच तसा होता. आपलेच दात, आपलेच ओठ. आता चावायचं कुणाला? त्यांना इतकी लाज वाटली की अक्षयाकडे बघवेना. चार महिने ज्या लोकांना त्यांनी फैलावर घेतलं होतं ते सगळे एकेक करून आठवायला लागले, आणि एकाचीही चूक त्यांच्या चुकीहून मोठी निघेना.

“काका,” अक्षया हळूच म्हणाली, “कोणी विचारलं नाही अजून. आपण सांगू ना, रबर थोडी लहान आली. बस.”

मोघे उठले. गाडी काढून घरी आले. संध्याकाळचे सात वाजले होते, पिनरमध्ये अजून लख्ख ऊन होतं, उल्का बागेत टोमॅटोला पाणी घालत होती. त्यांनी सगळं सांगितलं, एकदाच, न ओरडता. तिने पाण्याचा नळ बंद केला.

“अरे देवा,” ती म्हणाली. “मग आता तू ओरडणार कोणावर?”

त्यांना हसू आलं नाही. “काय करू ते सांग.”

“ते मला विचारू नकोस, शशी. सही तुझी आहे.”

गुरुवारी सकाळी नायजेलने त्यांना सह्यांच्या खोलीबाहेर, कॉफीच्या यंत्रापाशीच गाठलं. नोंद त्यानेही उघडून पाहिली होती. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. कपात दूध घालता घालता त्याने सुचवलं, की कारणाच्या रकान्यात ‘पुरवठादाराच्या मालातला फरक’ असं घालावं. मालातला फरक असेल तर अट घालून सह्या आजच होतात, गुंडी काही सीटच्या साच्यात नाही, ती पंधरवड्यात गुपचूप बदलता येते. सातही नावं कागदावर येतील. “तुझं नाव या गाडीवर असायला हवं, शशी,” तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता.

मोघ्यांना मोह झाला. का होऊ नये? सव्वीस वर्षं. शिवाय कुणाचं काय बिघडत होतं? पण ती रबराची गुंडी येते वॉल्सॉलजवळच्या एका लहानशा कारखान्यातून. मोघे तिथे दोनदा जाऊन आले होते. चाळीसेक माणसं, मालकीणबाई स्वतः चहा करून देते. मालात फरक असा शिक्का बसला की पुढच्या गाडीचं काम त्यांना मिळणार नाही, हे मोघ्यांना माहीत होतं आणि नायजेललाही.

आणि मग त्यांचं डोकं फिरलं. कंपनीतलं शेवटचं.

“आपण सात मागितलं, त्यांनी सात दिलं! एक केसभर इकडेतिकडे नाही! त्यात त्यांचं काय चुकलं? चार महिने मी तुमच्या नावाने बोंब मारतोय की खरं लिहा, खरं लिहा. आणि आता माझी पाळी आली तर खोटं लिहू?”

कॉफीच्या रांगेतली माणसं आपापल्या कपांत बघायला लागली.

“मग तो रचनेतला दोष होतो,” नायजेल हळू म्हणाला. “दोन आठवडे फेरतपासणी. सह्या तीन जुलैला. तू तीस जूनला जातोयस.”

“कॅलेंडर मलाही वाचता येतं,” मोघे म्हणाले आणि आत गेले.

आत त्यांनी सहा जणांसमोर ती नोंद मोठ्याने वाचली, स्वतःच्या नावासकट.  इंग्रज माणूस अशा वेळी शिवी देत नाही, नजरही देत नाही. त्यापेक्षा शिवी बरी. मग नायजेलने दोन गोष्टी मंजूर केल्या. गुंडी परत नऊ मिलिमीटर, आणि यापुढे प्रत्येक गाडीची एक फेरी मागे एकच जिवंत माणूस बसवून, शेजारची सीट रिकामी ठेवून. फॉर्म मोघ्यांनी स्वतः भरला.

तीस जूनला केक कापला, भाषणं झाली, एक घड्याळ मिळालं. तीन जुलैला दुपारी अक्षयाचा फोन आला. आवाजाच्या विभागाची सही आता तिच्याकडे आली होती.

“काका, झाली. सही केला मी.”

“पट्ट्यावर गेलीस? मागे बसून?”

“एकटी. दोनदा. काहीच नाही आला. एकदम शांत.”

“खटका कसा लागतो?”

“थोडा कर्कश,” ती म्हणाली. “पण लोकांना चालेल.”

“चालेल,” मोघे म्हणाले. त्यांनी तिचं अभिनंदन केलं, आणि ते खरं होतं. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ स्वयंपाकघरात तसेच उभे राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं, आणि ज्याच्यावर राग काढावा असा माणूस घरात दुसरा कुणी नव्हता. हेरॉन शरद ऋतूत बाजारात येईल. तिच्या शेवटच्या कागदावर सात सह्या आहेत, त्यांत मोघ्यांची नाही. तिच्या साडेचार वर्षांच्या कामाचं श्रेय लिहिलेल्या पानावरही, नियमाप्रमाणे, सह्या करणाऱ्यांचीच नावं येतात. गुंडीच्या त्या फॉर्मवर तेवढं शशिधर मोघे असं पूर्ण नाव आहे, ‘दोषाचं कारण’ या शब्दांपुढे, त्यांच्याच अक्षरात.